तळहात पाटाला टेकेपर्यंत

माझे यजमान बोटीवर होते. रत्नागिरीत ‘बोटीवर आहेत’ म्हटलं की पुढचं कुणी काही विचारत नाही. लोक आपले आपणच धरून चालतात की या बाईकडे परदेशी साबण असणार, टेपरेकॉर्डर असणार आणि नवरा नसणार. माझ्या बाबतीत तिन्ही अंदाज बरोबर होते. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण आमचा संसार सुट्टीसुट्टीने झालेला. हे यायचे, पहिले चार दिवस मी गोडधोड करून घालायची, मग दोघांनाही काय बोलावं ते सुचेनासं व्हायचं, आणि जरा कुठे सुचायला लागलं की कंपनीची तार यायची. पुन्हा ट्रंक भरायची.

मूल झालं नाही. सासूसासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, चढावर, आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मी शिलाईचं मशीन घेऊन बसायची आणि खाली बंदरावर मासळीचा लिलाव सुरू झाला की तो गलका ऐकत लोकांच्या ब्लाऊजना हुक लावायची. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला वाटतं, असं म्हणणारे कधी एकटे राहिलेलेच नसतात. मला तरी ती झाली नाही. रेडिओ लावायचा, बंद करायचा, परत लावायचा. दुपारी जेवायला बसले की डब्याचं झाकण मुद्दाम आपटून ठेवायची, घरात काहीतरी वाजावं म्हणून.

तेव्हा रत्नागिरीत टीव्ही नुकते कुठे दिसायला लागले होते. आमच्या चढावर अजून एकाही घरावर अँटेना नव्हती. त्या वर्षी नवरात्रात हे अचानक आले. तार नाही, निरोप नाही. डाव्या हातात बॅग, उजवा हात खिशात. पाणी दिलं ते डाव्या हाताने घेतलं. मी म्हटलं, “हात काढा की बाहेर, चोरी केल्यासारखा काय लपवताय?” माझी जीभ ही अशी आहे, आधी चालते. त्यांनी हात काढला आणि मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

कुठल्याशा परदेशी बंदरात बोट धक्क्याला बांधताना दोरखंड तुटला होता. आत तारेचे पदर असलेला जाडजूड दोर. त्याने तळहात करंगळीच्या मुळापासून मनगटापर्यंत उभा फाडला होता. तिथल्याच दवाखान्यात टाके पडले. जखम भरली होती, पण भरताना वेडीवाकडी भरली. तळव्यावर बोटाएवढा जाड, चकचकीत वळ उठला होता, आतल्या मांसाला चिकटल्यासारखा, आणि त्याने करंगळी नि तिच्या शेजारचं बोट आत ओढून धरलेलं. सकाळच्या गारव्यात कळ कोपरापर्यंत जायची. दोर धरणं तर सोडाच, ह्यांना भात कालवता येत नव्हता.

हे जेवायला बसले तेव्हा मला ते कळलं. डाव्या हातात चमचा घेऊन, भिंतीकडे तोंड करून जेवत होते. ज्या माणसाने आयुष्यभर बांगड्याचं कालवण नि भात बोटांनी एकजीव करून खाल्ला, तो माझ्याकडे पाठ करून चमच्याने भात वेचतोय. मी स्वयंपाकघरातून बाहेर आलेच नाही. कंपनीने सांगितलं होतं की शिमग्यानंतर मुंबईला येऊन मेडिकल द्यायचं. हात उघडत-मिटत असेल तर पुढची बोट, नसेल तर हिशोब करून मोकळं करणार.

चार दिवसांत ही बातमी चढावर पसरली आणि शेजारीण आली. तिचा नवरा बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात मुनीम होता. कुणाच्याही घरातली अडचण तिला घरच्यांच्या आधी कळायची, आणि तोडगाही तिच्याकडे तयार असायचा. त्या दिवशी तर ती दोन तोडगे घेऊन आली.

“कारखान्यात मशीनवर ध्यान ठेवायला मानूस होवा हाय,” ती ह्यांना म्हणाली. “एक हात चालला तरी पुरं. आमचे हे मालकाशी बोलतील. शिमगा होईपर्यंत मालक थांबंल.”

हे नुसतं “बघू” म्हणाले. मग ती माझ्याकडे वळली. “तुज्याकडं काशाची वाटी हाय ना गो? लग्नात मिळालीच असंल. खोबरेल घे नि रोज चोळ. काळं निघंल. काळं निघालं म्हंजे आतला सगळा गरमा निघाला.”

आमच्याकडे हा उपाय घरोघर. डोळ्यांची आग झाली, झोप लागत नसली की तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीने घासायचं. घासता घासता तेल काळं होतं. ते काळं बघून माणसाला निम्मं बरं तिथेच वाटतं.

ती गेल्यावर मी विचार करत बसले. हात उघडला तर नवरा जाणार. नाही उघडला तर नवरा राहणार, रोज सकाळी बंदरावर जाणार आणि रोज संध्याकाळी घरी येणार, जगातल्या इतर नवऱ्यांसारखा. आणि तो हात उघडायचं काम माझ्याच गळ्यात पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फळीवरून वाटी काढली, चिंचेने घासली. हे पाटावर बसले, मी समोर, मांडीवर जुनं लुगडं चौघडी करून. त्यांनी हात त्यावर ठेवला. खरं सांगते, भर दिवसा नवऱ्याचा हात असा हातात घेऊन मी आधी कधी बसले नव्हते. मी उठून दार लोटलं. मग वाटलं, दुपारी दार लोटलेलं बघून शेजारीण काय काय मनात आणेल, म्हणून परत उघडलं. हे हसले. घरी आल्यापासून पहिल्यांदाच.

तेल घातलं, वाटीचं बूड तळव्यावर धरून गोल गोल फिरवायला लागले. थोड्या वेळाने तेल करडं झालं, मग काळं. वाटीच्या बुडाला काजळी धरली. “बघा, केवढं साठलं होतं,” मी म्हटलं. हेही वाकून बघत होते. जग फिरलेला माणूस, पण त्या काळ्या तेलावर त्यांचाही विश्वास बसला.

मग तो रोजचा नेम झाला. शेजारीण रोज दारातून विचारायची, “आज किती काळं निघालं गो?” जसं काही मी विहिरीतला गाळ काढत होते. कमी निघालं म्हटलं की ती म्हणायची, “जोर लाव.” मग मी जोर लावायची. मला काळं दिसायला हवं होतं, त्यांनाही, तिलाही. बोटांकडे कुणी बघतच नव्हतं. दुखतं असं हे कधी म्हणाले नाहीत. फक्त पायाचा अंगठा जमीन धरायचा. मला त्या अंगठ्यावरूनच कळायचं.

पण एक गोष्ट त्या दुपारींनी केली. हे बोलायला लागले. समोरासमोर बसून आम्हाला कधी बोलता आलं नव्हतं. आता दोघांचेही डोळे हातावर असायचे, त्यामुळे बोलणं आपोआप यायचं. ते सांगायचे, बोटीवर संध्याकाळी काम संपलं की ते कठड्याशी उभे राहतात आणि मनातल्या मनात घर चालवतात. आता ती विळीवर बसली असंल. आता तिनं दिवा लावला असंल. “नि एकदा ध्यानात आलं,” ते म्हणाले, “तिकडं सांज व्हती तवा हितं भर दुपार. मी रोज दुपारचा तुज्या हातात दिवा देत व्हतो.”

त्या दुपारी मी ब्लाऊजना हुक लावत होते आणि डब्याचं झाकण आपटत होते, आणि हा माणूस तिथे समुद्रात उभा राहून मला दिवा लावायला लावत होता. एवढी वर्षं मी समजत होते की तो मला तिकडे विसरून जातो. मला फार आनंद झाला आणि फार वाईट वाटलं, दोन्ही एकदमच. मी हात चोळत राहिले.

दिवाळीच्या सुमाराला वळावरची कातडी फाटली. तेलात काळ्याबरोबर लालही आलं. घाबरले. गावात एका खासगी दवाखान्यात आठवड्यातून एकदा कोल्हापूरचे हाडांचे डॉक्टर यायचे, त्यांच्याकडे गेलो. मी सगळं सांगितलं, काळं किती निघतं तेसुद्धा अभिमानाने सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं.

“ताई, काळं काशातनं येतंय, हातातनं नव्हे,” ते म्हणाले. “तेल, घाम आणि धातू. तुमच्या चांगल्या हातावर घासून बघा, तिथंबी येईल.”

मला वाटलं, आता वाटी फेकून द्या म्हणणार. तसं ते म्हणाले नाहीत. वाटी चांगली आहे म्हणाले, वापरायची रीत तेवढी बदला. आधी कातडी पूर्ण भरू द्यायची. मग बूड नाही, काठ. तेल अगदी थोडं, नाहीतर वाटी नुसती घसरते. वळाच्या लांबीने नाही, वळाला आडवा, हळू हळू काठ न्यायचा, कातडी लाल व्हावी पण फुटू नये. वळ आत कुठे चिकटलाय ते काठाला कळतं, तिथे खरखर लागते, तिथे थांबून पुन्हा पुन्हा घासायचं. नंतर बोटं हळूच मागे ताणायची आणि तळहात टेबलावर सपाट ठेवून बघायचा. “तळव्याखाली किती फट राहते, ते बघा,” ते म्हणाले. “काळं बघू नका.”

घरी आल्याबरोबर मी आधी वाटी आणि तेल घेतलं आणि माझा स्वतःचा डावा तळहात घासला. मला खात्रीच करायची होती. थोड्या वेळात झाला काळा. अगदी ह्यांच्याइतकाच. मला हसू आलं आणि मग हसता हसता एवढं खचल्यासारखं वाटलं की मी तिथेच बसले. एवढे आठवडे मी त्या माणसाला उगाच दुखवलं होतं आणि वर शेजारणीला रोज बढाया मारल्या होत्या.

हे माझ्या हाताकडे बघत होते. “म्हंजे तुज्यात पन तेवढंच साठलंय,” ते म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांनी डाव्या हाताने वाटी उचलली, माझा हात आपल्या आकसलेल्या उजव्या हातावर आधाराला घेतला आणि घासायला लागले. डाव्या हाताची सवय नाही, वाटी इकडे तिकडे जात होती, तेल माझ्या बांगड्यांपर्यंत ओघळलं. अंगाला लावायला म्हणून माझ्यासाठी कुणी तेल हातात घेतलं होतं ते माझ्या लहानपणी. मी म्हटलं, “सोडा, चुलीवर भात लागेल.” चुलीवर काही नव्हतं. तेही त्यांना दिसत होतं. त्यांनी सोडलं नाही.

कातडी भरल्यावर नव्या रीतीने सुरू केलं. काठाने ती खरखर मला खरोखरच लागायला लागली, ओल्या वाळूवरून करवंटी ओढावी तशी. टेबल आमच्याकडे नव्हतं, म्हणून पाट. चोळून झालं की हे तळहात पाटावर टेकायचे आणि मी खाली वाकून फट बघायची. सुरुवातीला हाताखालून अख्खी सुपारी आरपार जायची. थंडी चांगली पडली तेव्हा सुपारी अडायला लागली, चिंचोका जायचा. हे लहान मुलासारखे चिंचोका सरकवून बघायचे आणि अडला की माझ्याकडे बघायचे. शेजारीण बिचारी नाराज झाली. आता काळं निघत नव्हतं ना. “मंग उपेग काय गो?” ती म्हणायची.

आंब्यांना मोहोर आला तेव्हा चिंचोकाही अडला.

त्या दिवसांत माझ्या मनात काय चालायचं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. वाटीचा काठ माझ्या हातात होता. जरा हलका धरला असता तर कुणाला कळणार होतं? खरखर लागली तिथे थांबायच्या ऐवजी पुढे गेले असते तर? चिंचोका तसाच जात राहिला असता, शिमगा उलटला असता, आणि बर्फाच्या कारखान्यात ह्यांची नोकरी पक्की झाली असती. रोज दुपारी हा विचार यायचा. आणि रोज दुपारी मी होता नव्हता तो जोर लावायची. यात माझं थोरपण काही नाही. तो भिंतीकडे तोंड करून जेवणारा माणूस मला बघवत नव्हता, एवढंच.

आणि एके दिवशी ते वळून बसले. मी बांगड्याचं कालवण केलं होतं. ह्यांनी चमचा बाजूला ठेवला, उजवा हात पानात घातला आणि भात कालवला. करंगळी अजून जरा आखडत होती, पण भात कालवला गेला. माझ्याकडे तोंड करून जेवले, दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मी वाढत होते. आता हा माणूस जाणार, हे मला त्या घासाला कळलं.

मी वाट बघत होते की ते म्हणतील, राहतो. एवढं त्यांनी म्हणायचं होतं. मी कशी म्हणणार? बोटीवरचा पगार कुठे, बर्फाचा कारखाना कुठे. त्यात पुरुषाला घरी बसवणारी बाई असं नाव घ्यायची माझी तयारी नव्हती. आमच्याकडे बायका नवऱ्याला थांबा म्हणत नाहीत, जपून जा म्हणतात. माझी आई तेच म्हणत आली, मीही तेच शिकले.

एकदा चोळता चोळता ह्यांनी विचारलं, “बर्फाच्या कारखान्यात आवाज लय असतो काय गो?”

मी म्हटलं, “असतो. पण तुम्हाला इंजिनाची सवय आहे, तुम्हाला काय त्याचं.”

“ते पन खरं,” ते म्हणाले. मला वाटलं, कारखाना त्यांच्या मनात नाही, म्हणून खोड काढतायत. आणखी एक-दोनदा असंच काहीतरी विचारलं. तिथे पाळी किती वाजता सुटते, मुनीम दुपारी जेवायला घरी येतो का. मी प्रत्येक वेळी विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं. एवढी बोलकी मी, पण नेमकी तिथे माझी जीभ शहाण्यासारखी वागली.

शिमगा आला. देवीची पालखी आमच्या दारात आली, तेव्हा हे नाचवायला पुढे झाले आणि उजव्या हाताने दांडा धरला. चढावरचे लोक ओरडले, “हात सुटला रे!” सगळ्यांना आनंद झाला. मी ओटी भरली, नारळ दिला, देवीकडे काय मागावं ते मला सुचेना. काहीच मागितलं नाही.

जायच्या आदल्या दुपारी शेवटचं चोळलं. ह्यांनी तळहात पाटावर टेकला. मी तांदळाचा दाणा घेतला, सगळ्या बाजूंनी सरकवून बघितला. गेला नाही.

सकाळच्या मुंबईच्या एस. टी.ला पोचवायला मी स्टँडवर गेले. ट्रंक टपावर चढवायची होती. मी सवयीने एका कडीला हात घातला, नेहमी आम्ही दोघं मिळून उचलायचो. “सोड, जमंल मना,” ते म्हणाले. उजव्या हाताने त्यांनी बसच्या मागची शिडी धरली, डाव्याने ट्रंक खांद्यावर घेतली आणि चढले. मी त्या पकडीकडे बघत होते. चार बोटं आणि अंगठा, शिडीच्या लोखंडावर घट्ट मिटलेली.

खाली उतरून ते माझ्यासमोर उभे राहिले. गाडी सुरू झाली होती, सगळी थरथरत होती. त्यांनी आपला तळहात उघडला, स्वतःच बघितला, मिटला.

“शेवटी शेवटी तू जरा कमी जोर लावला असतास,” ते म्हणाले, “तरी मना चाललं असतं गो.”

मी “काय?” म्हटलं. ऐकू आलं होतं, तरी.

“काय नाय. दार लावून घेत जा.”

कंडक्टरने घंटा मारली. ते चढले. आत त्यांना खिडकी मिळाली नाही, त्यामुळे मला पुन्हा दिसले नाहीत. एस. टी. स्टँडच्या वळणावरून गेली, आणि माझ्या तोंडात जो शब्द एवढे महिने अडकला होता तो मी तेव्हा म्हटला. “राहा.” शेजारी उभा असलेला एक हमाल माझ्याकडे बघायला लागला.

पुढे हमरस्त्याला लागताना हातखंब्याला मुंबईची गाडी थांबते. तिथून रत्नागिरीला परत यायला दिवसभर काही ना काही मिळतं, एस. टी. नाही तर ट्रक. हे सगळं मी घरी जाताना चढावर मनात मांडत होते. त्या दिवशी मी मशीनवर बसले नाही. भात दोघांचा टाकला. दार लावून घ्यायला सांगितलं होतं, ते सताड उघडं ठेवलं आणि समोर बसून राहिले. चढावरून कुणीही वर येताना दिसलं की आधी त्याच्या खांद्याकडे बघायची, ट्रंक आहे का.

दिवेलागणीच्या आधी शेजारीण आली. कारखान्यात आज दुसरा माणूस घेतला म्हणाली. मालक तरी किती थांबणार. मी “हो ना” म्हटलं. ती गेल्यावर उठले आणि दार लावलं.